सेऊलच्या एका स्वयंपाकघरात

कोरियाची राजधानी सेऊल येथे आम्ही जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत पोहोचलो. पहिले दर्शन घेतले ते म्योंगदोंग टेकडीवरील महामंदिराचे. विटांनी बांधलेले हे भव्य मंदिर 1898 साली पूर्ण झाले. या देशात श्रद्धेचे बीज प्रथम परदेशी धर्मगुरूंनी पेरले नाही. येथील विद्वान प्रापंचिकांनीच ग्रंथ वाचून ते आपलेसे केले, आणि त्यांच्यातील यी सुंग-हुन यांनी 1784 साली पेकिंग येथे जाऊन बाप्तिस्मा घेतला.

मंदिरातून निघून आम्ही नामदेमुनच्या बाजारात शिरलो. तेथे एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून वाफेचे लोट उठत होते. आत मुठीएवढे पांढरेशुभ्र गोळे होते. त्यांस 'वांगमांदू' म्हणतात. 'वांग' म्हणजे राजा. नेहमीच्या मांदूची पारी पातळ असते व तो रश्शातही सोडतात. हा राजा मात्र आंबवलेल्या पिठाचा, गुबगुबीत.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर धर्मग्रामातील एका वृद्ध आजीबाईंनी आम्हास घरी नेले. "बाजारात पाहिलेत, आता घरी करून पाहा," असे त्यांनी नातीकरवी आम्हास सांगितले.

अर्धा किलो मैदा, दीड लहान चमचा यीस्ट, थोडी साखर व मीठ घेऊन आजीबाईंनी ते कोमट पाण्यात मऊसर मळले आणि उबदार जागी झाकून ठेवले. तासाभरात पीठ दुप्पट झाले. तोवर सारण तयार झाले: डुकराच्या मांसाचा खिमा, कुस्करलेला टोफू, उकडून चिरलेल्या रताळ्याच्या पिठाच्या शेवया, आंबवलेल्या कोबीची किमची, कांद्याची पात, लसूण, आले, सोया सॉस, मिरपूड आणि तिळाचे तेल. किमची व टोफू फडक्यात घालून आजीबाईंनी अगदी कोरडे पिळले. पाणी राहिले, तर पारी फुटते. मग मोदकासारख्या चुण्या घालून त्यांनी गोळे मिटले, वीस मिनिटे पुन्हा फुगू दिले आणि उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटे वाफवले. थेंब पडू नयेत म्हणून झाकणास फडके बांधले होते. विस्तव बंद केल्यावरही त्यांनी झाकण लगेच उघडले नाही. घाई केल्यास गोळे बसतात. माडाच्या सुरेने फुगवून वाफवलेल्या गोव्यातील सान्नांची आम्हास आठवण झाली.

सज्जात किमचीचे मातीचे रांजण होते. त्यांकडे बोट दाखवून आजीबाई म्हणाल्या, "आमच्या पूर्वजांनी हेच घडवून श्रद्धा राखली." एकोणिसाव्या शतकातील छळात ख्रिस्ती कुटुंबे डोंगरांत लपली, कुंभारकामावर जगली आणि रांजण विकता विकता एकमेकांना निरोप पोहोचवीत राहिली. त्या काळातील रक्तसाक्ष्यांपैकी 103 जणांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली याच नगरीत संतपद दिले.

पीठ मळताना मात्र आजीबाई एकदा थांबल्या होत्या. त्याचे कारण जेवताना कळले. त्यांचे घर प्योंगयांगजवळ होते. मांदू हा मूळचा त्या उत्तरेकडील घरांतला आवडता पदार्थ. तेथील बिशप फ्रान्सिस होंग योंग-हो यांना 1949 साली कैद झाली. ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. 1950 च्या डिसेंबरात युद्धामुळे आईने आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून घर सोडले. आजारी आजीसाठी वडील मागे राहिले. "त्या सकाळी आईने पीठ फुगत ठेवले होते," आजीबाई म्हणाल्या. "वडील म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी ते वाफवून घेऊन येतो."

वडील आले नाहीत. त्या सीमेपलीकडे सामान्य माणसाचे पत्रही जात नाही. उत्तरेत आज एकही निवासी धर्मगुरू नाही. सेऊलचे आर्चबिशपच त्या धर्मप्रांताचे प्रशासक आहेत.

वाचकहो, प्रभूने स्वर्गराज्यास पिठातील खमिराची उपमा दिली. खमीर डोळ्यांना दिसत नाही, तरी आपले काम करीत असते. आजीबाईंनी भोजनापूर्वी उत्तरेकडील बांधवांसाठी प्रार्थना केली, आणि मग पहिला मांदू आमच्या ताटात वाढला. तो अजून वाफाळत होता.