पहाटेचे बारा

मंडळाची वेबसाइट आता पटकन उघडते, काय केलंस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून इथेच लिहितो.

ही साइट आधीच्या एका मुलाने हौसेने बांधली. तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि ती माझ्याकडे आली. तारखांसाठी मोमेंट आणि याद्या लावायला लोडॅश, ही दोन पॅकेजं त्यात अख्खी घेतलेली. त्यात वावगं काही नव्हतं. ब्राउझरला स्वतःला फारसं येत नसे, तेव्हा सगळे हेच वापरत. पण मोमेंट घेतलं की वेबपॅक त्यासोबत शंभराहून जास्त भाषांचे तक्ते बांधून टाकतं. आइसलँडिक महिने, वेल्श वार, सगळं आपल्या सत्यनारायणाच्या सूचनेबरोबर एखाद्या काकूंच्या जुन्या फोनवर उतरायचं. लोडॅश दाबूनसुद्धा २४ केबीच्या आसपास, आणि वापरात त्यातली दोन फंक्शनं! शिवाय मोमेंटवाल्यांनी स्वतःच सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलंय की नव्या कामाला हे घेऊ नका.

काढायचं तर आधी आपण त्यातलं नक्की काय वापरतो ते शोधावं लागतं. खरं काम तेच. लोडॅशची दोन फंक्शनं सुटी मागवता आली. मराठी महिने, देवनागरी आकडे आणि 'तीन दिवसांपूर्वी' हे आता ब्राउझरच्या इंटलमध्येच असतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. अडलं ते 'सकाळी', 'दुपारी' या शब्दांपाशी.

मोमेंटच्या मराठी तक्त्यात रात्री बारा ते सहा म्हणजे 'पहाटे'. पाच ते आठ 'सायंकाळी'. त्यामुळे जन्माष्टमीच्या पत्रिकेत कृष्णजन्म 'पहाटे १२:००' असा झळकला होता. कोलार रोडच्या एका आजींचा फोन आला, "काय रे, पहाटेचे बारा कधीपासून वाजायला लागले?"

हसण्यावारी नेता आलं असतं. पण आपली बरीच घरं १९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून आलेली. शाळा, ऑफिस, बाजार सगळं हिंदीत. मराठी उरली ती घरात आणि मंडळात. नातवंडं 'पहाट' हा शब्द बहुधा याच पानावर वाचणार, आणि तिथेच तो चुकीच्या वेळेला चिकटलेला. मला ते चालेना.

मग दहा ओळींचं फंक्शन स्वतः लिहिलं. वेळा आजींना फोनवर विचारून घातल्या. पहाट चारपासून, त्याआधी रात्रच. 'सायंकाळी' काढून 'संध्याकाळी' केलं, कारण आपल्याकडे सायंकाळी कुणी म्हणत नाही, ते रेडिओवर. पॅकेजच्या तक्त्यात असं आपल्या घरचं काही घालायचं मनातही आलं नसतं.

नंतर पिपलानीच्या एका काकांनी सुचवलं, "दिवेलागणी पण घाल ना!" कल्पना छान आहे. पण दिवेलागण डिसेंबरात लवकर आणि जूनमध्ये उशिरा, म्हणजे सूर्यास्ताचं गणित आलं. त्यासाठी तयार पॅकेज मिळतं, ठाऊक आहे. तूर्तास काकांना म्हटलंय, बघतो.