हिंजवडीचें दर्शन

पुण्यास विद्येचें माहेरघर म्हणण्याची रूढि जुनी आहे. १८८५ सालीं फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झालें. १९९१ सालीं येथीलच सी-डॅक संस्थेनें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें मुळशी तालुक्यांतील हिंजवडी-माणच्या शेतांवर संगणकनगरी उभी राहिली. सरस्वतीपाठोपाठ लक्ष्मी आली, हें पाहून आम्हांस धन्यता वाटली. परंतु तेथवर पोंचण्यास वाहनांच्या रांगेंत दीड तास मोडला, आणि वाटेंत मुळा नदीचें मलिन जल दृष्टीस पडलें. वाचकहो, घरोघरचीं मुलें या नगरींत उपजीविका करितात. त्यांचें आयुष्य मार्गांतच सरावें काय? रस्ते, पाणी व सांडपाणी यांची व्यवस्था नीट झाली, तरच आलेली लक्ष्मी येथें स्थिर राहील.