परमुलखांतील पंतोजी

‘परदेश’ या शब्दाचा अर्थ आपल्या घरांतून अलीकडे फार अरुंद झाला आहे. विमानांत बसून समुद्र ओलांडला म्हणजे परदेश, अशी आपली समजूत. कित्येक कुटुंबांतील मुलें-मुली हल्लीं एखादें वर्ष पोटापाण्याचा उद्योग बाजूस ठेवून दूरदेशीं मुलांना शिकविण्यास जातात, आणि ती गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु मजसारख्या निवृत्त मास्तराची व्याख्या निराळी आहे. आपण उच्चारलेला ‘पाणी’ हा साधा शब्द ऐकून पांच वर्षांचें मूल जेथें आपल्या तोंडाकडे नुसतें पाहत राहतें, तो परदेश. असा परदेश महाराष्ट्राच्या नकाशांतच आहे. गेलीं दोन वर्षें, वर्षांतील आठ-नऊ महिने, मी तेथें बिनपगारी पंतोजी होऊन राहत आहें. तेथील नित्याचें जीवन कसें असतें, आणि असें जाणाऱ्यानें काय जाणून जावें, तें चार शब्दांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

नागपुराहून सकाळीं निघालेला मनुष्य उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी अशा वाटेनें वैनगंगा ओलांडून वडशास येतो आणि तेथून कुरखेड्यास जातो. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत होता. त्या वर्षाच्या ऑगस्टांत गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सती नदीच्या कांठचें कुरखेडा हें त्याच्या उत्तर भागांतील तालुक्याचें ठिकाण. भोंवतीं धानाचीं बांधें, त्यांपलीकडे साग, बांबू आणि मोह यांचें रान. या मुलखास ‘मागासलेला’ हें एकच विशेषण लावून मोकळें होण्याची आपणांस संवय आहे. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, येथें दिवाळीनंतर गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात. त्यांस झाडीपट्टीचीं नाटकें म्हणतात, आणि या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला.

मी जाण्याचें बोललों तेव्हां घरांत जे आक्षेप निघाले, ते प्रत्येक घरांत निघतील. पहिला जिवाच्या भयाचा. तो पोकळ नव्हता. १ मे २०१९ रोजीं याच तालुक्यांत सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण प्राणांस मुकले, हें आमच्या घरांत सर्वांस आठवत होतें. दुसरा आक्षेप हिंवतापाचा. राज्यांतील हिंवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा असतो. तेव्हां मच्छरदाणी हें येथें अंथरुणाइतकेंच आवश्यक. तिसरा आक्षेप आमच्या थोरल्या वहिनींचा. त्या म्हणाल्या, “भावोजी, तेथें जेवणार कोणाच्या हातचें?” पहिल्या दोहोंस मी सावधगिरीचें उत्तर दिलें. तिसऱ्यास म्हटलें, “जो घरीं ठेवून घेईल, त्याच्या.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, परंतु निघतांना त्यांनीं लोणच्याची बरणी माझ्या पिशवींत घातली. ती मीं संमति मानली.

ज्या घरीं माझी राहण्याची सोय झाली, त्या घरच्या आजीबाईंनीं पाय धुण्यास पाणी दिलें, पेज पुढें ठेविली, आणि बराच वेळ मला न्याहाळून विचारलें, “गुरुजी, तुमी येकटेच कायले आले जी? घरी भांडन झालं का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. ज्यास मुलें, सुना, नातवंडें आहेत, असा साठीचा मनुष्य आपलें घर सोडून दुसऱ्याच्या पडवींत कशास निजतो? आपण ज्यास सेवा म्हणतों तें ज्याची सेवा व्हावयाची त्यास प्रथम असेंच विचित्र दिसतें, हें स्वयंसेवकानें विसरतां कामा नये. त्या घरांत मी पाहुणा होतों, आणि पाहुण्याची मर्यादा मला पाळावयाची होती. सोंवळें-ओंवळें, खाण्यापिण्याच्या खोडी, आणि मुख्यतः उपदेशाची संवय, एवढें सामान वडशापलीकडे नेऊं नये.

दिवस साधा असतो. मोठीं मुलें पुष्कळशीं दूरच्या आश्रमशाळांत राहतात. गांवांत उरतात तीं पांच ते आठ वर्षांचीं. दिवसा तीं जिल्हा परिषदेच्या शाळेंत जातात, आणि त्या शाळेच्या कामांत मी हात घालीत नाहीं. माझी शाळा दिवेलागणीस, समाजमंदिराच्या ओट्यावर, दोन तास. दिवसाचा उरलेला वेळ माझ्या स्वतःच्या अध्ययनाचा. सकाळीं आजीबाईंजवळ बसून मी गोंडी शब्द लिहून घेतों, आणि माझे उच्चार ऐकून त्या पदर तोंडास लावून हंसतात. अमरकोश पाठ केलेल्या मनुष्यास साठाव्या वर्षीं पुन्हां बिगरींत बसविणारी गुरु मिळणें, हें मी माझें भाग्य समजतों.

हें अध्ययन हौसेखातर नव्हे. पहिलीच्या मुलापुढें पुस्तक उघडलें म्हणजे आपण समजतों कीं त्यास अक्षर शिकवावयाचें आहे. वस्तुतः त्यास दोन गोष्टी शिकाव्या लागतात. खुणेवरून ध्वनि ओळखणें आणि ध्वनीवरून अर्थ. आपल्या घरच्या मुलास ‘पाणी’ हीं अक्षरें लावतां आलीं कीं अर्थ आपोआप हातीं येतो, कारण तो शब्द तें जन्मापासून ऐकत आलें आहे. गोंडी घरांतील मूल पाण्यास ‘येर’ म्हणतें. त्यानें ‘पाणी’ हा शब्द बिनचूक वाचला, तरी त्याच्या मनांत कांहीं ओलें होत नाहीं. मग वरच्या वर्गांतले गुरुजी म्हणतात, याला वाचतां येतें पण समजत नाहीं. आणि बुद्धीचा दोष त्या निरपराध मुलाच्या पदरीं पडतो.

विवाहांत वधूस अरुंधती दाखवितांना एकदम त्या बारीक तारकेकडे बोट करीत नाहींत. आधीं जवळची ठळक तारका दाखवितात, तेथें दृष्टि स्थिर झाली म्हणजे ती हळूच अरुंधतीवर नेतात. शास्त्रकारांनीं यास अरुंधतीदर्शनन्याय म्हटलें आहे. ‘येर’ ही ठळक तारका. ‘पाणी’ ही अरुंधती. माझ्या ओट्यावर मूल प्रथम ‘येर’ हीं दोन अक्षरें देवनागरींत वाचतें, आणि वाचलेल्या शब्दाचा अर्थ लागतांच त्याचा चेहरा कसा उजळतो तें पाहण्यासारखें असतें. तेथून ‘पाणी’ फार दूर नाहीं.

गोंडी ही मराठीची पोटभाषा आहे असा पुष्कळांचा समज असतो. ती द्राविड कुळांतील भाषा आहे. ज्यांचे आप्त धारवाड-हुबळीकडे आहेत, त्यांस ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु हे कानडी आंकडे ठाऊक असतील. आमचीं मुलें उंदी, रंड, मुंड, नालुंग असे मोजतात. २०११ च्या खानेसुमारींत ही भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे देशांत सुमारें तीस लक्ष लोक निघाले. तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला स्थान नाहीं. कायदा मुलांच्या बाजूचा आहे. १९५६ सालीं घटनेंत घातलेलें कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करावी असें सांगतें, आणि २००९ चा शिक्षणहक्काचा कायदाही तेंच म्हणतो. मात्र ‘व्यवहार्य असेल तेथवर’. सारी अडचण या दोन-तीन शब्दांत आहे. बदलीवर आलेल्या शिक्षकास मुलांची बोली येत नाहीं, ती येऊं लागते तों त्याची पुन्हां बदली होते. शिवाय गांवागणिक बोली बदलते. कोठें गोंडी, कोठें झाडीबोली, तर कोरचीच्या बाजूस छत्तीसगढीची छटा.

हा विचार नवा नाहीं, आणि तो येथून जवळच अमलांत आला होता. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यांत, त्या काळच्या निजामी राज्यांत, क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ नांवाचे एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आपल्या पत्नीसह गोंडांच्या मार्लवाई गांवीं राहिले होते. हे खरे परदेशस्थ. १९४३ सालीं तेथें शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें, आणि देवनागरी लिपींत गोंडी वाचनपुस्तकें छापलीं गेलीं. मला त्यांतील एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनीं बाहेरून मास्तरांची पलटण आणली नाहीं. गोंड तरुणांसच शिकवून शिक्षक केलें. त्या दांपत्याच्या समाध्या आज मार्लवाईस आहेत आणि तेथील गोंड त्यांचें स्मरण करितात. आपल्या इकडेही ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तें पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आणि तेथें अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं गुरें चरतात तेथेंच शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत.

कुरणशाळेचें मर्म मला येथें फाल्गुनांत कळलें. मोहाचीं फुलें पहांटे गळतात, आणि उन्हें चढण्यापूर्वीं वेंचावीं लागतात. त्या दिवसांत घरेंच्या घरें टोपल्या घेऊन रानांत जातात. मुलें संध्याकाळीं ओट्यावर येतात तीं पेंगुळलेलीं. वैशाखांत तेंदूपत्ता, आषाढांत धानाची रोवणी, कार्तिकांत कापणी. शहरी मनुष्य यास गैरहजेरी म्हणतो. घरांतील मिठामिरचीचा पैसा त्याच टोपलींतून येतो, हें ज्यानें एक वर्ष पाहिलें तो तसें म्हणणार नाहीं. मोहाच्या दिवसांत आमचे धडे मोहाचेच असतात. किती टोपल्या, किती पायल्या, सुकल्यावर वजन किती उतरलें, व्यापाऱ्यानें काय दर दिला. बेरीज-वजाबाकी इतक्या जिवाभावानें करणारे विद्यार्थी मला माझ्या साऱ्या नोकरींत क्वचित् भेटले.

आतां जी गोष्ट मला मुख्यतः सांगावयाची आहे, तिजकडे वळतों. गांवांत एक तरुण सून आहे, बारावी झालेली. गोंडी तिची जन्मभाषा, मराठी तिला उत्तम येतें. ती रोज ओट्याच्या कडेस मुलाला मांडीवर घेऊन बसे. मी अडलों कीं ती हळूच योग्य शब्द पुरवी, आणि मुलें माझ्याकडे पाठ फिरवून तिच्याकडे वळत. जें मला सांगण्यास पाव तास लागे, तें ती दोन वाक्यांत सांगे. एके दिवशीं मीं तिला म्हटलें, “बाई, हें काम तूंच कां करीत नाहींस?” ती म्हणाली, “गुरुजी, तुमी फुकट शिकवता. मनून लोकायले वाटते का शिकवनं हे फुकटचंच काम हाय. मी शिकवलं तं मले कोन देईल? तितका वेळ रोवन्याले गेली तं मजुरी भेटते.”

त्या उत्तरानें माझी रात्रीची झोंप उडविली. मला निवृत्तिवेतन आहे, म्हणून मी विनामूल्य सेवा करूं शकतों. तिला तें नाहीं. निष्काम कर्माचा गौरव आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों; परंतु ज्याच्या घरीं दोन वेळची सोय आधींच लागलेली आहे, त्याचें निष्काम कर्म दुसऱ्याच्या भाकरीची किंमत उतरवूं शकतें, हा विचार कोणत्याही पाठशाळेंत मला शिकविलेला नव्हता.

मीं हा प्रश्न ग्रामसभेपुढें मांडला. मांडला म्हणजे तिनें मांडला, आणि मी शेजारीं बसलों. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा आपल्या रानांतील तेंदूपत्ता स्वतः विकूं लागल्या आहेत, आणि आमच्या गांवींही सभेजवळ थोडासा पैसा असतो. चर्चा दोन बैठका चालली. कोणी म्हणालें, शाळा सरकारची आहे, पैसा सरकारनें द्यावा. कोणी म्हणालें, गुरुजी आहेत तोंवर चाललें आहे, पुढचें पुढें. तेव्हां आमच्या आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या कीं, गुरुजींचे केस पांढरे झाले आहेत. सारी सभा हंसली, मीही हंसलों. पण मुद्दा सर्वांस पटला. एका वर्षापुरतें तिला दरमहा मानधन देण्याचें ठरलें. रक्कम लहान आहे, आणि पुढील सालीं तेंदूचा भाव पडला तर ती मिळेलच असें नाहीं. त्याचें उत्तर मजपाशीं नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं एखादा निवृत्त वडीलधारा, किंवा नुकतीच पदवी घेतलेली मुलगी, असें जाण्याचें मनांत आणीत असेल, तर घरच्यांनीं अडवूं नये. मात्र तीन गोष्टी विचाराव्या. एक, सारे ऋतु पाहण्याइतके दिवस तुम्ही राहणार काय? दोन महिन्यांत निघून जाणाऱ्याचा लळा लावून घेणें मुलांस जड जातें, आणि दरवर्षीं नवा दादा, नवी ताई येऊन गेली म्हणजे पुढें तीं लळाच लावून घेत नाहींत. दोन, तेथील बोली शिकणार काय? आणि तीन, आपल्यामागें खडू कोणाच्या हातीं द्यावयाचा, आणि त्या हातास मोल कोण देणार, हें पहिल्या महिन्यापासून शोधणार काय?

सध्यां ओट्यावर ती शिकविते. मी पाठीमागें मुलांच्या रांगेंत बसतों, मराठीचें शुद्धलेखन तेवढें तपासतों, आणि गोंडीच्या धड्यांत मला दहांपैकीं सहा गुण मिळतात. पुढील रोवणीपर्यंत मी येथें राहीन. त्यानंतर माझी गरज उरेल असें दिसत नाहीं.