लग्नघरची वही

डमडमला आमच्या शेजारी एक बंगाली गृहस्थ राहतात. मंडप, भोजन, फुले, सनई असा लग्नकार्याचा सारा भार शिरावर घेणे हा त्यांचा व्यवसाय. तो वाढावा म्हणून कर्ज काढून दुसरी कचेरी थाटण्याचा त्यांचा विचार होता. आम्ही पडलो सरकारी कारकून. सल्ल्याआधी वह्या मागितल्या! शेजारच्या बरानगरात १९३१ साली स्थापन झालेली महालनोबीसांची सांख्यिकी संस्था आहे. त्या वाऱ्याचाही हा गुण असावा.

भाद्र, पौष व चैत्र येथे लग्नाला वर्ज्य. आपल्या चातुर्मासातल्या श्रावणात मात्र येथे सनई वाजते. तेवढे ध्यानी घेऊन विचारणेची व उत्तराची तारीख आम्ही शेजारी-शेजारी मांडली. उत्तर उशिरा गेलेली कार्ये बहुधा हातची गेली होती. उणीव कचेरीची नव्हती. कर्ज टळले.

एका कार्याची बाकी मात्र वसूलच नव्हती. विचारले, तर म्हणाले, “वधूपिता लग्नानंतर आठवड्यातच वारले. कोणत्या तोंडाने मागू?”

आम्ही पुढली पाने उलटली. ‘कोणाच्या शब्दावरून आले’ या रकान्यात त्याच घराचे नाव तीनदा होते.