चार वेळा चार थेंब

दुःखाला औषध नाही, असे आपण म्हणतो. आणि म्हणता म्हणता औषध देतच असतो. शेवटच्या क्षणी जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचे पान पडते. स्मशानातून परतलेल्यांच्या हातावर कडुलिंबाचा पाला ठेवतात आणि तो चावल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडत नाही. दहाव्याला दर्भ हवा, काळे तीळ हवेत. श्राद्धाला माका हवा. माणूस गेल्यावर घरात जितक्या वनस्पती येतात, तितक्या लग्नातदेखील येत नसतील. शास्त्रार्थ भटजींना ठाऊक. मला मात्र वाटते, की ज्या कोणा शहाण्याने हे सारे ठरवले, त्याला एक गोष्ट पक्की कळली होती : रडणाऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्यावे आणि जिभेला काहीतरी चव द्यावी, मग ती कडू का असेना!

पण या साऱ्यात घरच्या कुत्र्याचे काय? त्याला सुतक नाही, सोयर नाही. तसा आपल्या धर्माने कुत्र्याला अगदीच दाराबाहेर ठेवलेले नाही. श्राद्धाच्या पानातून गायीला, कावळ्याला घास काढतात, तसा कुत्र्यालाही काढतात. यमाच्या दारात श्याम आणि शबल हे दोन कुत्रे आहेत. धर्मराजाने स्वर्गाच्या पायरीवर उभे राहून सोबतच्या कुत्र्याला सोडायचे नाकारले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. आणि आमच्या ओझरात तर खंडेराव महाराजांचाच मान. (ओझर म्हणजे विघ्नहराचे, अष्टविनायकांतले नव्हे, नाशिक जिल्ह्यातले, बाणगंगेकाठचे, विमानांच्या कारखान्याचे.) चंपाषष्ठीला यात्रा भरते, बारा गाडे ओढले जातात, भंडाऱ्याने रस्ते पिवळे होतात. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. तेव्हा गावात कुत्र्याचे नाव ‘खंड्या’ ठेवले, तर त्यात देवाचा अपमान कोणी मानत नाही.

आमच्या शेजारच्या अण्णांच्या कुत्र्याचे नाव हेच. अण्णांची सारी नोकरी कारखान्यात गेली. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि आमच्या गावाचे नाव लोक ‘ओझर मिग’ असे जोडून घेऊ लागले. त्या कारखान्याच्या शिस्तीत अण्णा असे घडले, की निवृत्तीनंतरही ते भोंग्याच्या वेळेला उठत. डोक्यावरून सुखोई गरजत गेले, तरी अण्णा वर बघत नसत आणि खंड्याही बघत नसे. दोघांचा जीव एकाच ठिकाणी गुंतलेला : काकूंच्या भोवती. संध्याकाळी काकू मागल्या पायरीवर भाजी निवडत बसायच्या आणि खंड्या त्यांच्या पदराच्या सावलीत पडलेला असायचा. भाकरीचा शेवटचा चतकोर त्याचा. तोही काकूंच्याच हातचा. अण्णांनी दिला तर नुसता हुंगायचा.

यंदाच्या आषाढात काकू गेल्या. चार दिवसांचे दुखणे झाले आणि संपले.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. अशा वेळी जे होते तेच झाले. धाकटी बहीण म्हणाली, “वहिनी, मुलांची काळजी करू नकोस.” मुलगा म्हणाला, “आई, अण्णांना मी बेंगळुरूला नेतो, एकटे ठेवत नाही.” कावळे झाडावर बसून ऐकत होते. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा इतका वेळ गप्प असलेले अण्णा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “खंड्याला मी सोडणार नाही.” कावळा आला. तो त्या शब्दासाठी आला की भातासाठी, हे त्यालाच ठाऊक. पण अण्णांच्या पुरता तो शब्द दगडावरची रेघ झाला.

आणि तिथेच खरा पेच पडला. मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गावठी कुत्रे नेणे अशक्य. अण्णा इथे राहणार, तर त्यांना कोण बघणार? शिवाय ज्याच्यासाठी राहायचे, तो खंड्या पायरीवरून हलेना. भाकरी तशीच वाळायची, मुंग्या लागायच्या. त्याने खाल्ले नाही म्हणून अण्णा खात नसत. आणि अण्णांचे ताट तसेच परत जाते हे पाहून की काय, तो अधिकच मुटकुळे करून पडे. दोघांतला आधी कोण जातो, एवढाच प्रश्न उरल्यासारखे दिसू लागले.

कुत्र्यांना शोक होतो का, याचा विचार आता शास्त्रज्ञही करतात. २०२२ साली इटलीतल्या संशोधकांनी ४२६ माणसांकडून त्यांच्या घरातला एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेला दुसरा कसा वागला, याची माहिती गोळा केली. खेळणे कमी झालेले, अन्नावरची वासना उडालेली, सारखे माणसाच्या मागे मागे राहणे असे पुष्कळांनी सांगितले. आणि धन्याचे दुःख जितके तीव्र, तितका कुत्र्यातला बदल अधिक, असेही त्यात दिसले. अर्थात सांगणारे धनीच होते, आणि दुःखी डोळ्यांना सारेच दुःखी दिसते, हेही खरे.

मग उपायांची रीघ लागली. माझ्या आईने अण्णांसाठी जटामांसी घालून कढवलेले तेल दिले. ही हिमालयातली मुळी. आपले वैद्य मनाच्या बेचैनीसाठी आणि झोपेसाठी पिढ्यान् पिढ्या ती देत आले. “टाळूवर जिरव, अण्णा, आणि गवती चहा घे,” असे आईने बजावले. खंड्यासाठीही तिची मुळी तयार होती. पण ती मी थांबवली आणि खंड्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी त्याचे कान उलटे करून गोचिड्या पाहिल्या, रक्त घेतले. म्हणाले, “मास्तर, कुत्रे खात नाही म्हणजे दर वेळी शोकच असतो असे नाही. गोचिडीच्या तापातही ते असेच पडून राहते. आधी दुखणे नाही याची खात्री करायची, मग दुःखाचे बघू.” दुखणे निघाले नाही. जाता जाता त्यांनी अण्णांना विचारले, की लाडाने घरातले काय काय भरवता? आणि मग जे सांगितले, ते आमच्या तालुक्याने कोरून ठेवावे असे आहे. निफाड तालुक्याची कीर्ती द्राक्षांची आणि कांद्याची. आणि ही दोन्ही कुत्र्याला विषासमान! कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षांनी, बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडला. तेच आम्ल चिंचेत. “झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा,” डॉक्टर म्हणाले. “माणसाचे औषध विचारल्याशिवाय मुक्या जिवाला देऊ नका.”

तेवढ्यात अण्णांची भाची पुण्याहून आली. तिने पुष्पौषधींचे शिक्षण घेतलेले. पिशवीतून तिने काळसर काचेची छोटी बाटली काढली. एडवर्ड बाख नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९३० साली लंडनमधला आपला चालता धंदा सोडला आणि रानोमाळ हिंडून अडतीस औषधे तयार केली. बहुतेक फुलांचीच. फुले पाण्यात घालून ती उन्हात ठेवायची, मग त्या पाण्यात ब्रँडी मिसळायची आणि ते पुन्हा विरळ करायचे, अशी त्याची तऱ्हा. १९३६ मध्ये तो वारला. त्याच्या यादीत धक्क्यावर आणि शोकावर ‘बेथलेहेमचा तारा’ नावाच्या पांढऱ्या फुलाची योजना आहे. गेलेल्या दिवसांतच जगणाऱ्यासाठी हनीसकल आहे. भाचीने डॉक्टरांना फोन करून विचारले. वाटीभर पाण्यात चार थेंब, त्यातली ब्रँडी नावालाच. त्यांनी हरकत घेतली नाही. “मामा, दिवसातून चार वेळा चार थेंब. तुम्हीही घ्यायचे आणि खंड्यालाही द्यायचे. वेळ चुकवायची नाही,” असे सांगून ती गेली.

मास्तरकीच्या सवयीने मी त्या बाटलीविषयी वाचले. एडझर्ड अर्न्स्ट या संशोधकाने २०१० साली या औषधांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या पाण्याच्या थेंबांहून त्यांत अधिक गुण आढळला नाही. हे अण्णांना सांगावे की न सांगावे? मी सांगितले. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मास्तर, कारखान्यात ड्यूटीचा तक्ता लागला, की आम्ही विचारत नसू की तो कोणी लावला.”

आणि खरोखरच ती ड्यूटी लागली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. चार वेळा अण्णा उठत, वाटी विसळत, ताजे पाणी भरत, थेंब मोजत. चार वेळा खंड्यापुढे बसून तो पितो की नाही ते पाहत. पाहायचे म्हणजे वाकावे लागे, वाकले की हात पाठीवर पडे, हात पडला की तो तिथेच राही. पहिले तीन-चार दिवस खंड्याने पाण्याला जीभ लावली ती उपकार केल्यासारखी. मग अण्णांना वाटले, की रिकाम्या पोटी औषध कसे द्यावे? म्हणून त्यांनी भाकरी कुस्करली. त्याने खावी म्हणून आधी स्वतः एक घास खाल्ला. पंधराव्या दिवशी मी कुंपणावरून पाहिले : अण्णा मागल्या पायरीवर बसून गवार मोडत होते. वेडीवाकडी मोडत होते; काकू असत्या तर हसल्या असत्या. खंड्या त्यांच्या पायाशी पडला होता आणि शेवटच्या चतकोराची वाट पाहत होता.

आता कोणी मला विचारील, की गुण कशाचा? जटामांसीचा, त्या परदेशी ताऱ्याचा की नुसत्या दिवस जाण्याचा? मला वाटते, औषध बाटलीत नव्हते. ते ‘चार वेळा’मध्ये होते. शोकाने दिवस सपाट होतो, त्याला सकाळ-दुपार उरत नाही. त्या सपाट दिवसात चार खुंट्या ठोकल्या गेल्या आणि त्यांवर दोघा जिवांना आपापला भार टांगता आला. कडुलिंबाचा पाला हातावर ठेवणाऱ्या त्या जुन्या शहाण्यालाही बहुधा एवढेच करायचे असावे. पण म्हणून पाला खोटा असेही मी म्हणणार नाही. कोणी तरी आपल्यासाठी तो तोडून आणलेला असतो, हा त्यातला अर्क कुठल्या चाचणीत उतरणार?

मुलाचा फोन अजून येतो. अण्णांचे गुडघे दुखतात, थंडी पडेल, वय वाढते आहे. त्याची काळजी काही खोटी नाही. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. ‘बघू चंपाषष्ठीनंतर,’ एवढेच अण्णा म्हणतात.

यंदा त्यांच्या घरी तळण नाही. पहिली दिवाळी आहे. फराळ शेजारपाजारच्यांनी द्यायचा, हीच आपली रीत. फटाक्यांच्या दिवसांत खंड्याला आतल्या खोलीत घेऊन, दार-खिडक्या लावून बसायचे, असे अण्णांनी आधीच ठरवले आहे. काल आमच्या हिने रव्याचे लाडू वळायला घेतले, तेव्हा एक परात बाजूला काढून ठेवली. मी विचारले, ही वेगळी कशाला? ती म्हणाली, “अण्णा एकटे खाणार आहेत थोडेच? तुकडा खाली जाणारच. यात बेदाणे घातले नाहीत.”