मोटारीचा एसी : गॅस भरण्यापूर्वी

मोटारीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता शोषून त्याची पुन्हा वाफ होते. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो. पण एका हंगामात गॅस संपला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे हे काम नव्हे, ती गाडीमालकाची फसवणूक आहे.

थंडावा कमी होण्याचे कारण दर वेळी गॅस हेच नसते. खोपोलीहून बोरघाट चढताना ट्रकांच्या रांगेत वेग उतरतो, समोरून वारा मिळत नाही आणि कंडेन्सरची सारी भिस्त पंख्यावर येते. घाटात एसी बंद पडून लोणावळ्याच्या सपाटीवर पुन्हा चालू होत असेल, तर आधी पंखा, त्याचा रिले, कंडेन्सरमध्ये साचलेली धूळ आणि इंजिनाचे तापमान तपासावे. इंजिन तापले की अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो. कर्जतच्या बाजूला झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पालापाचोळा आत शिरतो, केबिन फिल्टर तुंबतो आणि झोतच कमी होतो. पावसाळ्यात गाडीखाली पाणी टपकणे हे चांगलेच लक्षण आहे, कारण दमट हवेतले पाणी कॉइलवर जमते. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

त्यानंतर गेज लावावे. बहुतेक गाड्यांत १३४ए गॅस असतो. एसी बंद असताना ३० अंशांच्या हवेत दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास राहतात. आत थोडा जरी द्रव असला तरी हा दाब तेवढाच दिसतो, त्यामुळे एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असे ठरत नाही. एसी चालू केल्यावर लो म्हणजे कमी दाबाच्या बाजूला साधारण ३० ते ४५ आणि हाय म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला १८० ते २५० पीएसआय अपेक्षित असतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला वारा नाही किंवा गॅस जादा. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलेला. लो शून्याकडे जात असेल तर व्हॉल्व्ह तुंबलेला किंवा त्यात बर्फ धरलेला.

गळती बहुधा जोडांच्या ओ-रिंगमध्ये, कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमध्ये, दगड लागलेल्या कंडेन्सरमध्ये किंवा ओल्या मातीने गंजलेल्या कॉइलमध्ये सापडते. जोडावरचा तेलकट डाग ही पहिली खूण. उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यावा, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने जोड तपासावेत. १३४ए हवेत सोडू नये. तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट घातक आहे.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. कर्जत-खालापूरच्या पावसाळी हवेत उघड्या नळीत ओल पटकन शिरते. ती व्हॉल्व्हमध्ये गोठते, कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल बनवते. म्हणून ओल शोषणारा ड्रायर बदलावा, तेलाचा डबा झाकून ठेवावा आणि पंप किमान अर्धा तास चालवावा. पुरेशा व्हॅक्यूममध्ये आतले पाणी साध्या तापमानालाही उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर काटा पंधरा मिनिटे जागचा हलला नाही, तरच पुढे जावे.

गॅस काट्याच्या अंदाजाने भरू नये, वजन करून भरावा. बोनेटखालच्या स्टिकरवर प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात; छोट्या गाड्यांत हे वजन बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असते. इंजिन चालू असताना गॅस लो बाजूनेच द्यावा. हाय बाजूचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर गॅसची टाकी फुटू शकते. टाकीला आग दाखवू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा. काही नव्या गाड्यांतला १२३४वायएफ वेगळा आणि किंचित ज्वलनशील असतो. दोन्ही गॅस मिसळू नयेत.

शेवटी दारे बंद करून, हवा आतल्या आत फिरती ठेवून मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरावा. कडक उन्हातही झोत दहा अंशांच्या आसपास आला तर काम नीट झाले आहे. भरलेले वजन, बदललेले सुटे भाग आणि तारीख बिलावर लिहून द्यावी. पुढच्या वेळी किती ग्रॅम निघाले हे पाहिले की गळती उरली आहे का, ते कोणत्याही कारागिराला लगेच कळते.