बॉम्बे, म्हैसूर, कर्नाटक

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेनं सीमाभागात काय काय उलथलं, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. वकिलांच्या घरांत वाढलेल्या आम्हा भावंडांना मात्र ती तारीख पहिल्यांदा भेटली ती पुस्तकांच्या कपाटात. ऑल इंडिया रिपोर्टरचे, म्हणजे एआयआरचे, खंड ओळीनं लावलेले असत. इथल्या अपिलांचे निकाल 1956 पर्यंत ‘बॉम्बे’ या भागात शोधायचे, त्यानंतर ‘म्हैसूर’मध्ये, आणि 1973 साली राज्याचं नाव बदललं तसे ‘कर्नाटक’मध्ये. जमीन तीच, भाऊबंद तेच, दावासुद्धा पुष्कळदा तोच.

बेळगावात आण्णा आणि निपाणीत काका, दोघंही दिवाणी वकील. काकांकडं तंबाखूच्या वखारींची भाडी, उचलीचे हिशेब, कुळांची प्रकरणं. कोर्टासाठी चिकोडीची वारी ठरलेली. दोन्ही घरांत संध्याकाळी पक्षकार उठून गेले की मुलांना हाक यायची, ‘फिफ्टी इयर्सचा चौथा काढ.’ म्हणजे एआयआरचं 1901 ते 1950 या काळाचं पन्नास वर्षांचं डायजेस्ट. त्याच्या पुढचं 1951 ते 1965 चं पंधरा वर्षांचं. कायद्याचं नाव, त्याखाली कलम, कलमाखाली मुद्दा आणि मुद्द्याखाली निकालांचे पत्ते अशी त्यांची मांडणी. इंग्रजी नीट येण्याआधी आम्हाला ती उतरंड पाठ होती. थोरल्या ताईला तर आण्णांनी कलम सांगण्याआधीच पान सापडलेलं असायचं.

एआयआरचं हे काम व्ही. व्ही. चितळे यांचं, पुढं त्याचं बस्तान नागपुरात बसलं. आमच्या घरी या गोष्टीचा अभिमान होता आणि मला तो आजही रास्त वाटतो. साऱ्या देशातल्या हायकोर्टांचे निकाल एका शिस्तीत बसवायचे आणि शिस्त वर्षानुवर्षं ढळू द्यायची नाही, हे थोर काम आहे. जुन्या अंकांत वर्षापुढं कंसात खंडाचा आकडा असे. 1914 म्हणजे पहिला खंड, म्हणून 1956 म्हणजे त्रेचाळिसावा. छापताना वर्ष चुकलं तर आकडा ते पकडून देई. पत्ता लिहिणाऱ्यानं शोधणाऱ्याची एवढी काळजी वाहिलेली मी दुसरीकडं क्वचितच पाहिली.

सूचीचा खरा कस मात्र तक्त्यांत लागायचा. एकच निकाल तीन-चार रिपोर्टरांत छापलेला असतो, आणि समोरचा वकील नेमका आपल्याकडं नसलेल्या पुस्तकाचा हवाला देतो. रतनलाल-धीरजलाल यांच्या, 1899 पासूनच्या बॉम्बे लॉ रिपोर्टरचा हवाला आला आणि घरात फक्त एआयआर असलं, तर तुलनात्मक तक्ता उघडायचा. डावीकडं तिकडचं पान, उजवीकडं इकडचं. निपाणीसारख्या गावात, सगळे रिपोर्टर घेणं कुणालाच परवडत नसताना, या आकड्यांच्या रकान्यांनी लहान वकिलाला मोठ्या शहराच्या वकिलाच्या बरोबरीनं उभं केलं.

दुसरा तक्ता अधिक मोलाचा : कोणता निकाल पुढं फिरवला गेला, कोणता अनुसरला, कोणता वेगळा ठरवून बाजूला ठेवला. आमच्या भागात वतनाच्या जमिनी आणि विधवांनी घेतलेले दत्तक यांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत. त्यात ‘अनंत विरुद्ध शंकर’ हे नाव घरातल्या माणसासारखं कानावर पडायचं. प्रिव्ही कौन्सिलचा 1943 चा निकाल. पत्ता एआयआर 1943 पीसी 196, आणि इंडियन अपील्समध्ये 70 आयए 232. नवऱ्यामागं कितीतरी वर्षांनी घेतलेला दत्तकही नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मानायचा, हे तत्त्व त्या निकालानं फार लांबवर, चुलत्यांकडून आलेल्या मिळकतीपर्यंत नेलं होतं. 1954 साली सुप्रीम कोर्टानं श्रीनिवास कांगो यांच्या प्रकरणात (एआयआर 1954 एससी 379) तेवढा भाग नाकारला : दत्तकपुत्राला दत्तक बापाची मिळकत, भाऊबंदांची नव्हे. नुसता 1943 चा निकाल घेऊन जो कोर्टात उभा राहील, त्याचा अशील चुलत्याच्या मळ्याला मुकणार. ‘अनंत-शंकर कुठपर्यंत जिवंत आहे बघ,’ असं आण्णा सांगत. त्यातलं ‘कुठपर्यंत’ महत्त्वाचं. चांगला तक्ता ‘रद्द’ एवढाच शेरा मारून थांबत नाही, कोणत्या मुद्द्यावर रद्द तेही सांगतो. पुष्कळ तक्ते इथंच उणे पडत.

दर महिन्याला सुटा अंक आला की त्यातले फिरवलेले निकाल जुन्या खंडाच्या समासात शिसपेन्सिलीनं नोंदवायचे, हे आम्हा मुलांचं काम. 1873 साली अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी अशाच नोंदी डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून शेपर्ड्‌स सायटेशन्स ही मोठी सूची उभी राहिली. हे पुढं वाचलं तेव्हा ताईचं टोकदार अक्षर डोळ्यांपुढं आलं.

सीमाभागाची म्हणून एक अडचण होती, ती कुठल्याच सूचीनं पुरती सोडवली नाही. राज्य बदललं तरी राज्य पुनर्रचना कायद्याच्या 119 व्या कलमानं जुने कायदे जागच्या जागी चालू राहिले. त्यामुळं मुंबईचा 1948 चा कूळकायदा बेळगावातही होता आणि कोल्हापुरातही. डायजेस्टमध्ये त्याच्याखाली दोन्हीकडचे निकाल एकत्र. पण 1956 आधीचा मुंबईचा निकाल आमच्यासाठी आपल्याच हायकोर्टाचा, आणि नंतरचा नुसता आधाराला. तारीख बघून चाळावं लागे. मग 2 ऑक्टोबर 1965 पासून म्हैसूरचा जमीन सुधारणा कायदा आला. तोही 1973 च्या नावबदलानंतर सूचीत एम अक्षरातून के अक्षरात गेला. 1974 च्या दुरुस्तीनंतर कूळहक्काच्या अर्जाचा सात नंबरचा फॉर्म घेऊन कुळं दारात बसू लागली, तेव्हा काका एम आणि के ही दोन्ही पानं एकदम उघडी ठेवत.

आता धारवाडला 2008 पासून कर्नाटक हायकोर्टाचं बेंच आहे, कोल्हापुरात 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, आणि निकाल फोनवर मिळतात. शब्द टाकला की शेकडो निकाल येतात, ते बरंच आहे. पण दत्तकाच्या निकालात ‘दत्तक’ हा शब्द असतोच असं नाही, वाद ‘वारसाहक्का’च्या नावानं चाललेला असू शकतो. जाणत्या माणसानं मुद्दा वाचून तो योग्य शीर्षकाखाली बसवला, ‘हेही पाहा’ असं लिहून शेजारचं दार दाखवलं, ही मदत वेगळीच होती.

ते खंड आता घरोघरी माळ्यावर आहेत. रद्दीवाले वजनावर नेतात, आणि सर्वांत आधी जातात ती डायजेस्टं, कारण ती जुनी म्हणून निरुपयोगी वाटतात. खरं तर निकाल कुठंही मिळतील. समासात पेन्सिलीच्या नोंदी असलेली डायजेस्टं आणि तक्ते दुसरीकडं मिळणार नाहीत. बेळगाव, चिकोडी, निपाणीतल्या ज्या घरांत ती असतील त्यांनी संच न फोडता, नोंदी न खोडता, जवळच्या बार असोसिएशनच्या किंवा लॉ कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत. आमच्या दोन्ही घरांतली आम्ही देणार आहोत.